बाई, तो दिवा मी पाहिला होता

बाई, उद्या तुमचा तेरावा. मुग्धाताई म्हणाल्या, "रशीदचाचा, उद्या चार माणसं जमतील, आईबद्दल दोन शब्द बोला." मी म्हटलं, ताई, मला बोलता येत नाही, मला तुमच्या आईशी भांडता येतं, आणि भांडायला ती समोर पाहिजे ना. रडता रडता हसल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, मग लिहून द्या, मी वाचते. म्हणून घरी येऊन हात धुतले आणि लिहायला बसलोय. अजिंठ्याकडच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेलं मराठी आहे. तुम्ही शाळेच्या बाई, लाल पेन घेऊनच वाचाल, माहितीये मला. वाचा. पण मधे बोलू नका. नऊ वर्षं तुम्हीच बोललात.

आधी माझी तक्रार ऐका. काम अर्ध्यावर असताना निघून जायचं, ही काय रीत झाली? देव्हाऱ्याला एक हात मारून झाला होता. पॉलिशच्या एका थराला आम्ही एक हात म्हणतो, हे तुम्हाला सांगायला नको, उद्या ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. पहिला हात वाळला की तो घोटायचा, मग दुसरा मारायचा. "उद्या सकाळी येतो," म्हणून मी पायऱ्या उतरलो आणि सकाळी ताईंचा फोन आला. खरं सांगू? आधी रागच आला. रडू मागून आलं. शबाना, माझी घरवाली, म्हणाली, "अजी, मरनेवाले पे भी कोई गुस्सा करता क्या?" मी म्हटलं, तुला नाय कळायचं. दुसऱ्या हाताच्या वेळी मला बाईंना एक गोष्ट सांगायची होती. नऊ वर्षं पोटात ठेवलेली. ती आता कुणाच्या गळ्यात घालू?

ती आज सांगतो. पण सुरुवातीपासून सांगतो. ताई तेव्हा पुण्याला होत्या, त्यांना फक्त तुमच्याकडून ऐकलेलं माहीत आहे.

गारखेड्यातला तुमचा हाच फ्लॅट. नवं सागवानी कपाट, नवी शोकेस. सुताराचं काम संपलं होतं आणि माझं सुरू झालं होतं. बाहेर रस्ता खोदून ठेवलेला, धूळ अशी की ताटातली पोळीसुद्धा कचकच लागायची. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की आमची इज्जत गेली. गिऱ्हाईक बोट फिरवतं आणि तोंड वाकडं करतं. म्हणून माझ्या उस्तादानं शिकवलं होतं तेच मी पंचवीस वर्षं करत आलो होतो. खिडक्या बंद, पंखा बंद, दाराच्या फटीला ओलं पोतं. खोली डबीसारखी बंद करायची, आत आपण आणि थिनर. उस्ताद म्हणायचे, पॉलिशवाल्याला वाऱ्याशी दुश्मनीच ठेवावी लागते.

दुपारी तुम्ही बाहेरून आवाज दिलात, "रशीदभाई, वास फार येतोय हो. खिडकी उघडू का जराशी?"

"बाई, पॉलिश आहे, पुरणपोळी नाय. वास येणारच. खिडकीला हात लावू नका."

तुम्ही गप्प बसलात. शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेला आणि तरी गप्प. नंतर तुम्हीच म्हणालात, "तुमच्या हुनरात मी कुठं नाक खुपसायचं, असं वाटलं मला." तुमचं हे असं, आणि माझं तिकडं वेगळंच, ते पुढं सांगतो.

दिवेलागणीची वेळ झाली. माझा शेवटचा हात चालू होता, कपाटाचं एक दार तेवढं राहिलेलं. तुम्ही काहीतरी विचारायला खोलीचं दार ढकललंत, त्यानं पोतं सरकलं आणि दार तसंच उघडं राहिलं. समोरच्या बोळकांडीत तुमचा देव्हारा, जमिनीवर पाटावर ठेवलेला. तुम्ही पदर डोक्यावर घेतलात, समईत तेल घातलंत, काडी ओढलीत.

मी पाहिलं, बाई. हे नीट वाचा, दोनदा वाचा. मी ती काडी पाहिली, ती समई पाहिली, आणि माझ्या पायाजवळ थिनरचा डबा उघडा होता. थिनरपाशी बिडी ओढायची नाय, एवढं तर आम्हाला पहिल्याच दिवशी कान धरून शिकवतात. शब्द जिभेवर आला होता. पण म्हणू काय? मी रशीद, तुमच्या घरात उभा राहून म्हणू की देवापुढचा दिवा विझवा? अब्बांनी लहानपणापासून मनावर ठसवलेलं, दुसऱ्याच्या घरात गेलास की त्याच्या देवाच्या वाटेला जायचं नाय, ती बेअदबी. मनाशी म्हटलं, समई आठ-दहा फूट लांब आहे, काम पाच मिनिटांचं राहिलंय, अल्ला मालिक. आणि ब्रश चालवत राहिलो.

आग वरून आली नाही, जमिनीवरून आली. निळी निळी, सांडलेल्या पाण्यासारखी सरसरत दारातून आत शिरली आणि भक्क झालं. माझे दोन्ही हात थिनरनं ओले, ते पेटले. मी नुसता बघत उभा. आपलेच हात जळताना माणूस असा खुळ्यासारखा बघत राहतो, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही दारातलं ओलं पोतं उचलून माझ्या हातांवर टाकलंत, माझी कॉलर धरलीत आणि वर्गातून कारटं बाहेर काढावं तसं ओढत जिन्यापर्यंत नेलंत. ओरडत होतात, "चला! चला म्हणते ना!" त्यात तुमचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. शेजाऱ्यांनी पाणी मारलं. कपाट गेलं, शोकेस गेली, पडदे गेले, देव्हाऱ्याची एक बाजू कोळसा झाली. आपण दोघं राहिलो.

दवाखान्यात माझे हात पट्ट्या गुंडाळून दुधी भोपळ्याएवढे झाले होते. शबाना घास भरवत होती. तुम्ही आपला हात गळ्यात अडकवून आलात, स्टुलावर बसलात आणि मला थिनरचा धडा शिकवलात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते, आणि विस्तव भेटला की आग तिच्यावरून उलट पावली डब्याकडे येते. "दिसत नाही म्हणून ती नसते असं नाही, रशीदभाई." आणि मग म्हणालात, "चूक माझी आहे. दिवा मी लावला. जन्मभर पोरांना हेच शिकवलं आणि माझ्याच घरात मला कळलं नाही."

तिथं मी बोलायला पाहिजे होतं. "बाई, मी पाहिलं होतं," एवढंच. मी म्हटलं, "जाऊ द्या बाई, नशीब." नशिबावर ढकलणं लई सोपं असतं, ते उलटून बोलत नाय. तुम्ही पदरानं डोळे पुसलेत. त्या दिवसापासून नऊ वर्षं, कुणाला ही हकिकत सांगताना तुम्ही सुरुवातच करायच्या, "दिवा मी लावला होता." आणि मी तुमच्या शेजारी उभा असायचो, खाली मान घालून. लोकांना वाटायचं, काय नम्र माणूस आहे.

हात बरे व्हायला पाच महिने लागले. कातडी ओढली गेली, उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. ब्रश धरता येतो, घास धरता येतो, बस झालं. पहिल्यांदा पुन्हा नाक्यावर आलो त्या दिवसाची गोष्ट. उस्मानपुऱ्यात सकाळी चहाच्या टपरीपाशी सुतार, पॉलिशवाले, रंगारी कामासाठी उभे असतात. मी चहाचा पहिला घोट घेतला आणि तुमची रिक्षा येऊन थांबली. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक डबा.

"हे पाण्याचं पॉलिश. थिनर लागत नाही. पेट घेत नाही. ब्रश नळाखाली धुवायचा."

नाका खदाखदा हसला. कुणीतरी म्हणालं, "चाचा, तुमारी मास्टरनी पानी बेचने कू आयी!" मला शरम वाटली, आणि शरम वाटली की मला राग येतो, तुम्हाला माहीतच आहे. मी डब्यात नाक घातलं. वास नाही. पॉलिशवाल्याचं अर्धं हुनर त्याच्या नाकात असतं, बाई. डब्याचं झाकण उघडलं की थिनर अस्सल की भेसळीचं, हे मी न बघता सांगायचो. आणि हे बघा, दुधासारखं पांढरं आणि वासाला काहीच नाय.

"ज्याला वास नाय ते पॉलिश कसलं?" मी म्हटलं.

"वास म्हणजे तुमच्या छातीत जाणारं थिनर, रशीदभाई. लाकडाला त्याचा काही उपयोग नाही."

"मग लोकांना कळणार कसं, पॉलिश केलंय म्हणून?"

"बघून!" तुम्ही एवढ्या जोरात ओरडलात की टपरीवाल्यानं दचकून चहा सांडला.

तुमची जिद्द राखायची म्हणून डबा घरी नेला. आणि मग जे केलं ते आमच्या जातीचा माणूसच करू जाणे. डबा उघडला, पॉलिश घट्ट वाटलं, आणि हात आपोआप थिनरच्या बाटलीकडे गेला. पंचवीस वर्षांची सवय, घट्ट दिसलं की थिनर ओतायचं. ओतलं. ढवळलं. आणि काय, सगळं फाटलं की! नासलेल्या दुधासारखे गोळे. मी तोच डबा घेऊन तुमच्या दारात. "बघा तुमचं विलायती पाणी! नासका माल दिला दुकानदारानं." तुम्ही डबा हुंगलात, माझ्याकडे पाहिलंत, पुन्हा हुंगलात. "रशीदभाई, यात थिनर घातलंत?" मी झाकण शोधायला लागलो. तुम्ही खुर्चीत बसलात आणि हसत सुटलात. चष्मा काढून डोळे पुसलेत, पुन्हा हसलात. आगीनंतर तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला वरून लई राग आला होता, पण आतून बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

दुसरा डबा आणला. तुमच्याच घरातल्या स्टुलावर मारला. वाळल्यावर हात फिरवला तर लाकूड घोंगडीसारखं खरखरीत. पाणी लागलं की लाकडाचे तंतू उभे राहतात. आता माझी पाळी होती. नाक्यावर मी ते स्टूल महिनाभर फिरवलं, "बसून बघा, पाठ खाजवायला बरं आहे." तुमचा चेहरा पडला. तुमच्या पुस्तकात यावर इलाज नव्हता. तुम्ही एवढंच म्हणालात, "लाकूड तुम्हाला कळतं, मला नाही. मला फक्त आग कळते."

हे वाक्य मला खुपलं. लाकूड मला कळतं ना, मग? चार दिवस डोकं चालवलं. शेवटी सुचलं ते इतकं साधं की स्वतःलाच शिवी हासडली. तंतू उभे राहणारच आहेत, तर आधीच राहू द्या की! ओल्या फडक्यानं लाकूड पुसायचं, वाळू द्यायचं, उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिश पेपरनं घोटून काढायचे आणि मग पॉलिश मारायचं. पुन्हा उभं राहायला काही उरतच नाय. स्टूल घेऊन आलो. तुम्ही डोळे मिटून बोटं फिरवलीत, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. म्हणालात, "वा उस्ताद." बाई, मला उस्ताद म्हणणारं तोवर कुणी नव्हतं. माझे उस्तादसुद्धा मला "अबे रशीद" म्हणायचे.

पण नाका ऐकेना. एकाचं म्हणणं, मे महिन्यात हे ब्रशच्या खाली खालीच सुकतं. दुसऱ्याचं, पावसाळ्यात सुकतच नाय. दोघांचं बरोबर होतं. तुम्ही वहीत लिहून घ्यायच्या, मी तोडगा शोधायचो. उन्हाळ्यात सकाळी लवकर मारायचं, पावसात दोन हातांच्या मधे जास्त वेळ सोडायचा. खिडक्या उघड्या ठेवायच्या तर धुळीचं काय? फ्रेमवर मलमल ताणून बसवायची, वारा येतो आणि धूळ बाहेर राहते. सांगायला सोपं, पण उस्तादानं शिकवलेली वाऱ्याची दुश्मनी मोडताना मला आपण बाटल्यासारखं वाटत होतं. गिऱ्हाइकाचं तर विचारूच नका. एका साहेबांनी वास येईना म्हणून मला दोन तास बसवून ठेवलं, "खरंच पॉलिश मारलंत ना?"

मग एके दिवशी तुम्ही नाक्यावर पत्र्याची पन्हळ घेऊन आलात. हातभर लांब, तिरकी टेकवलेली. खालच्या टोकाला मेणबत्ती पेटवलीत. वरच्या टोकाला थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा ठेवायचा होता. सगळ्यांना मागं उभं केलंत, वाळूची बादली जवळ घेतलीत, आणि मला म्हणालात, "रशीदभाई, बोळा तुम्ही ठेवा." मी चिमट्यात बोळा धरला आणि माझा हात असा थरथरायला लागला की थांबेना. सगळा नाका बघत होता. तुम्ही पुढं झालात. माझ्या हातातून चिमटा घेतलात, मला पाठीशी घातलंत आणि स्वतः बोळा ठेवलात. सगळे मेणबत्तीकडे बघत होते. काही होईना. कुणीतरी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात मेणबत्तीपासून निघालेली ज्वाळा सर्रकन पन्हळीतून वर चढली आणि बोळा पेटला. मधे काही नव्हतं, दोरी नाय, धागा नाय. तोंड उघडलं होतं त्यानं तसंच मिटलं.

"दिवा मी लावला होता," तुम्ही सुरुवात केलीत. मी जमिनीकडे बघत राहिलो.

त्या दिवशी सगळे बदलले असं नाय. पोटाला चिमटा बसत असताना माणूस एका रात्रीत हुनर बदलत नाय. पण त्या दिवसापासून खिडक्या उघडायला लागल्या. मग एक जण हळूच आला, "चाचा, वो पानीवाला कैसा मारते, जरा बताव ना." मग दुसरा. मग एक सुतारच गिऱ्हाइकाला सांगायला लागला, घरात म्हातारी माणसं आहेत, बिनवासाचं मारून घ्या. गेल्या दिवाळीत नाक्यावर मी मोजायला लागलो होतो, कोण कोण पाण्याचं मारतं ते. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा सोडून दिलं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "अजून पायांची आहेत की."

आणि आपलं शेवटचं भांडण मिटलं नाय, ते तसंच ठेवतो. तुमचं म्हणणं, थिनरचा एकही डबा ठेवू नका. माझं म्हणणं, जुन्या फर्निचरवरचं जुनं पॉलिश उतरवायला अजून तरी लागतं. आता तो एक डबा आहे, लोखंडी पेटीत, घराबाहेर, आणि ते काम मी मोकळ्या अंगणातच करतो. तुम्ही म्हणायच्या, "उतरवायलाही काहीतरी निघेल, शोधते मी." शोधत होतात, माहीत आहे मला. तुमच्या वहीत शेवटच्या पानावर तेच आहे, ताईंनी दाखवलं. ती वही मी मागून घेतलीये. आणि पाण्याच्या पॉलिशला आरशासारखी चमक येत नाय, हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. तुम्ही म्हणाल, आरसा पाहिजे त्यानं आरसा घ्यावा. म्हणा.

जळका देव्हारा तुम्ही नऊ वर्षं तसाच ठेवलात. कितीदा म्हटलं, करून देतो. "राहू द्या, मला आठवण राहते," म्हणायच्या. मला ते ऐकवत नव्हतं. तुम्हाला वाटायचं आठवण तुमच्या चुकीची, आणि मी त्या काळ्या बाजूकडे बघायचो ते माझ्या. मागच्या महिन्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात, देव्हारा समोर दिसावा म्हणून हॉलमध्ये हलवून घेतलात, आणि मला बोलावणं धाडलंत. "रशीदभाई, आता करून टाका. देवांना किती दिवस जळक्या घरात ठेवू?"

देव शेजारच्या वहिनींकडे गेले. मी दोन दिवस कोळसा खरवडला. आतून सागवान निघालं, बाई, अगदी पिवळंधमक. आग वरवरच लागली होती. पहिला हात मारला तेव्हा तुम्ही पलंगावर उशीला टेकून बघत होतात, खिडक्या सताड उघड्या. तुम्ही म्हणालात, "रशीदभाई, वास येत नाहीये."

"येत नाय म्हणूनच तुम्ही इथं बसलाय," मी म्हटलं.

तुम्ही हसलात, डोळे मिटलेत. तेव्हाच बोलणार होतो. पण तुम्ही थकलेल्या दिसलात. म्हटलं, उद्या दुसरा हात मारताना सांगू, सकाळी ताज्यातवान्या असतात. किती शहाणा मी. नऊ वर्षं थांबलो आणि वर आणखी एक दिवस थांबलो.

आज सकाळी ताईंनी बोलावलं. उद्या देव परत बसवायचे, देव्हारा अर्धा राहिलाय. मी आलो तर तुमच्या पलंगाच्या जागी तुमचा फोटो, त्याच्यापुढं जमिनीवर दिवा. तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नाही तो. आणि देव्हारा त्याच्यापासून दोन हातांवर. नाशिकहून तुमचे दीर आलेत, काका म्हणतात ताई त्यांना. ते एकदम उठले. "पॉलिश? दिवा चालू असताना? नको रे बाबा, या घरानं एकदा पाहिलंय. आणि दिवा काही विझवता यायचा नाही."

"काका, विझवायचा नाहीच," मी म्हटलं. "राहू द्या लावलेला."

डबा त्यांच्या नाकाखाली धरला. त्यांनी हुंगला, माझ्या हातांकडे पाहिलं आणि खुर्चीवर जाऊन बसले. पण खुर्ची दाराजवळ सरकवली.

पहिला हात घोटला, पुसला, दुसरा मारायला घेतला. तुमच्या दिव्याचा उजेड ओल्या लाकडावर पडत होता. मी जन्मात कधी पेटत्या दिव्याशेजारी पॉलिश केलं नव्हतं, बाई. पहिले दोन फटके मारताना माझा एक डोळा दिव्यावरच होता. मग दोन्ही डोळे लाकडावर आले. जी बाजू जळली होती ती मी शेवटी ठेवली होती. ती अर्ध्यावर आली आणि वारा सुटला. खिडक्या उघड्या, फाल्गुनातला वारा, मलमलीतूनसुद्धा आत आला. दिव्याची ज्योत आडवी झाली. निळी पडली. जाणार असं दिसलं.

"ताई! दिवा!" मी ओरडलो.

नऊ वर्षांपूर्वी हाच एक शब्द तोंडातून निघाला नव्हता. आज निघाला, आणि एवढ्या मोठ्यानं निघाला की काका उभेच राहिले. ताई स्वयंपाकघरात होत्या, पोचणार नव्हत्या. मी ब्रश टाकला, गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हातांचा आडोसा केला. हे माझे वाकडे, ओढलेले हात, बोटं मिटत नाहीत तिथून वारा घुसतोय, म्हणून पंजे आणखी जवळ नेले. चटका बसत होता. ज्योत सावरली, पिवळी झाली, सरळ उभी राहिली.

ताई दारात आल्या तेव्हा मी तसाच बसलेलो होतो आणि रडत होतो. मान वर न करता सांगून टाकलं सगळं. की तुमच्या आईनं दिवा लावला तेव्हा मी पाहत होतो, बोललो नाय. की ती नऊ वर्षं चूक माझी माझी करत राहिली आणि मी करू दिली. तुम्हाला सांगायचं होतं, बाई, तुमच्या मुलीला सांगितलं. तुम्हाला पोचलं असेल तर पोचलं.

ताई आधी खिडकीकडे गेल्या. ती थोडी लोटून घेतली. मग आत गेल्या, तेलाची बाटली घेऊन आल्या आणि माझ्यापुढं धरली.

"चाचा, तुम्ही जवळ आहात. तेल तुम्हीच घाला."

मी काकांकडे पाहिलं. तेही माझ्याकडेच बघत होते. मी पॅन्टला हात पुसले, बाटली घेतली आणि धार धरली. हात हलला नाय, बाई. दिवा भरत आला तसा मी थांबलो.

"अजून थोडं घाला," काका दारापासून म्हणाले. "सकाळपर्यंत पुरायला हवं."